दहा सेकंदांचा वारा

प्रिय दादा,

सकाळी फोनवर 'आज क्रेनवर चढू नकोस' एवढंच ओरडले आणि फोन ठेवला. तू हसलास, बाईसाहेब पदवीधर झाल्यापासून हुकूमच सोडतात म्हणालास.

माझं काम नेमकं काय, असं तू नेहमी विचारतोस. यंत्राने कसं वागायचं ते आधी कागदावर ठरतं, त्याला आम्ही स्पेसिफिकेशन म्हणतो. मग प्रोग्रॅमर तसा प्रोग्रॅम लिहितात. मी दोन्ही समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघते. फरक निघाला की कागद खरा. आपल्या घरातली पहिली पदवी माझी; छापील अक्षर चुकेल असं कधी मनातही आलं नाही.

तुझ्या क्रेनचा प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसातला, म्हणून मी केवढी मिरवले होते! तो लिहिला अण्णांनी, आमच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरनी. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. कागदात होतं, वारा सलग दहा सेकंद मर्यादेबाहेर राहिला तर भोंगा वाजावा. अण्णांनी ठेवले होते तीन.

काल तू फोनवर खुशीत होतास. प्रोग्रॅम बदलल्यापासून झकास चाललंय, भोंगा आता सासूसारखा ऊठसूट बोंबलत नाही. मग हसत हसतच सांगितलंस की मंगळवारी वाऱ्याचा झोत आला, टांगलेली तुळई गरकन फिरली आणि खालच्या फिटरच्या हेल्मेटला घासून गेली. भोंगा वाजलाच नाही. आपल्यावरच शेकेल म्हणून तू मुकादमाला काही बोलला नाहीस.

आज अण्णांना गाठलं. म्हणाले, पोरी, मी दोन दिवस स्वतः क्रेनवर जाऊन बसलो होतो. झोत येतो आणि पाच सेकंदांत जातो. दहा मोजेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. कागद दुरुस्त करून घ्यायचा राहिला, ती चूक माझी. तशीच धावत साहेबांकडे गेले. त्यांनी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. प्रोग्रॅम कागदाप्रमाणे आहे ना, मग दोष आपला नाही, म्हणाले. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

दादा, तिनाचे दहा मी करायला लावले. फरक मीच शोधला, शाबासकीही मीच घेतली. तसं आज सहीनिशी लिहून दिलंय. पण दहा सेकंद धोक्याचे आहेत याचा साहेबांना पुरावा हवा, आणि तो फक्त तुझ्याकडे आहे. मंगळवारी काय झालं ते लिहून मुकादमाला दे, एक प्रत मला पाठव. इतके दिवस लपवलंस म्हणून तो कदाचित तुला घरी बसवेल. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले, आणि आज तुझ्याकडे हे मागतेय. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण लिही. आणखी चाळीस क्रेनवर तोच प्रोग्रॅम चालू आहे, आणि त्या चालकांपैकी एकाचाही नंबर माझ्याकडे नाही.

तुझीच,
चिमणी