एका दाराची खडखड

गिरीश,

अप्पांची गाडी मी नेलीय, शोधू नकोस. गार्गीला शाळेत सोडून, मुऐदरच्या बाजारातून भाजी घेऊन येते.

स्पीकरसाठी तू गाडीची दारं उचकटलीस तेव्हापासून मी तुझ्याशी धड बोलले नाही. वाटलं, अप्पांची एवढीच खूण उरली होती, तीही गेली. काल तू ऑफिसात असताना चक्कर मारली. गाणं काय सुरेख वाजतं रे! आणि गतिरोधकावर शेजारच्या सीटचं दार खडखडलं, अगदी पूर्वीसारखं. अप्पा त्याला "गप रे बाबा" म्हणायचे. बाकीची दारं आतून आवाज दाबणारी शीट लावून मुकी केलीस, हे एकच मुद्दाम सोडलंस ना?

पोळ्या डब्यात आहेत. संध्याकाळी तू चालव. मी त्या दाराशी बसते. त्याला गप करायला कुणीतरी हवंच.

— सुहासिनी