जावयाच्या गाडीची चेन आणि पंप बदलल्याची हकीकत

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१८ नोव्हेंबर १९९३

चिरंजीव परेशराव यांस महिपतमामांचे आशीर्वाद. मस्कतच्या उन्हात तुम्ही आणि आमची सुरुची दोघं प्रकृती सांभाळून असाल, अशी आशा करतो. इकडे मला पित्त आहे. तुमच्या सासूबाई ठणठणीत आहेत. गाडीबद्दल लिहायचं आहे, ते बसून वाचावं.

तुम्ही सांगून गेलात तसं दर रविवारी मी गाडी सुरू करून दहा मिनिटं शेजारी उभा राहत होतो. (आत बसत नाही. चुकून चालू लागली तर मला थांबवता येत नाही.) गणपतीनंतर इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखड येऊ लागली आणि खाली पाणी ठिबकू लागलं. माझी झोप उडाली, कारण वीस डिसेंबरला तुम्ही बहिणीच्या लग्नाला येणार आणि नवरीला याच गाडीतून पाठवणार, असं तुम्ही चार पत्रांत लिहिलं आहे. म्हणून काशीमीऱ्याच्या धर्मा मिस्त्रीला बोलावलं. माणूस मूळचा जवळच्या मोरवा गावचा, तोंडाने फटकळ, हाताने चांगला. त्याने बॉनेट उघडून कान लावला. "काका, टायमिंग चेन सैल झालीय, पाण्याचा पंप बी गेलाय. रेडिएटर उतरवायचाच हाय, तर दोन्ही एकदमच बदला." गाडी तो ओढून गॅरेजात घेऊन गेला.

आता मिस्त्री लोकांची मला धास्ती. नवा पार्ट दाखवतात आणि जुनाच बसवतात, असं आमच्या ऑफिसात सगळेच सांगत. म्हणून नवी चेन आणि पंप मी स्वतः मुंबईहून मांडीवर घेऊन आलो आणि घरीच ठेवले. जुने निघाल्याबरोबर तेही पिशवीत घालून घरी आणले, म्हणजे फसवायला त्याच्याकडे काही उरायला नको. एवढा बंदोबस्त करून मी जरा आडवा झालो.

पण तुमच्या सासूबाईंना फरशीवर तेलाचा डाग चालत नाही. जुने पार्ट त्यांनी घासलेटात भिजवले, काथ्याने घासले, भांड्यांच्या पावडरीने धुतले. नवे पार्ट कारखान्यातून ग्रीस फासून, तेलकट कागदात गुंडाळून येतात. आवराआवरीत आपण कोणते घासले ते विसरून, चिकट तेच जुने असं त्यांनी ठरवलं आणि पिशवीत कोंबून बाल्कनीत टाकले. लखलखीत होते ते नव्या पार्टांच्या खोक्यात भरले.

ते खोकं मी दुसऱ्या दिवशी धर्माच्या हातात दिलं. त्याने पंपाचा दांडा हलवला आणि म्हणाला, "ह्यो जुना हाय." मी म्हटलं, चकाकतोय तो दिसत नाही का? "आमच्या घरची भांडी बी चकाकतात काका, म्हणून गाडीत बसवू?" तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. म्हणालो, आमचे जावई मस्कतला मोठे इंजिनिअर आहेत (तुम्ही एसी दुरुस्त करता, हे त्याला सांगायची गरज नव्हती), आणि मिस्त्रीने मध्ये बोलू नये असा त्यांचा लेखी हुकूम आहे. धर्माने पाना उचलला. दोन दिवस राबून त्याने तेच बसवले. गाडी सुरू केली तर खडखड तीच, ठिबक तीच.

घरी येऊन बाल्कनीतली पिशवी उघडली तेव्हा कळलं, मिस्त्रीने जे करू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, ते आम्ही नवराबायकोनेच करून दाखवलं होतं. धर्मापुढे सगळं कबूल केलं. (सगळं म्हणजे हुकुमाचं सोडून.) तो म्हणाला, "तुमच्या जावयानं माफी मागितल्याबिगर मी पाना उचलायचा न्हाय."

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. सुरुचीला आईने पापड घातले आहेत.

तुमचा,
महिपतमामा

ता. क. धर्माच्या नावाने माफीचे चार शब्द लिहून लगेच पाठवावेत, ही विनंती. रागवायचं असेल तर ते पत्र वेगळ्या पाकिटात घालावं.

आणखी ता. क. हे पत्र चार दिवस खिशातच राहिलं. तुमचं उत्तर यायला पंधरा दिवस जाणार, म्हणून माफीचं पत्र तुमच्या नावाने मीच लिहून धर्माला वाचून दाखवलं. त्याने डोळे पुसले आणि इंजिन उघडलं. नवी चेन, नवा पंप बसून गाडी आता शिवणयंत्रासारखी चालते. तुम्ही माफी फार मनापासून मागितली आहे. इंजिनातलं तुम्हाला काही कळत नाही असं कबूल केलं आहे, आणि लग्नात त्याला सहकुटुंब पहिल्या पंगतीला बसवणार आहात. येताना त्याच्यासाठी मस्कतचं शर्टाचं कापड आणा. तसं तुम्ही लिहिलं आहे.