निघणाऱ्याला विचारू नये

बाबा, मी प्रवासाला निघाले आहे आणि बरोबर काय घ्यायचं, मागे काय ठेवायचं, हे मला काही केल्या ठरवता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. स्वयंपाकघरात आय सुकट भाजते आहे. तो वास नव्या बॅगेत शिरू नये म्हणून मी बॅग ओटीवर नेऊन ठेवली. मग आयला वाईट वाटेल असं वाटलं आणि बॅग परत आत आणली. सकाळपासून माझं हेच चाललं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "आदी गारीत बस, मंग इचार कर." तू ते नेहमी म्हणायचास आणि मी नेहमी त्याच्या उलट वागायचे.

तू गेल्यानंतरचं थोडं सांगते. मी बारावी झाले, मग बी.कॉम.ही झाले. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे मी पास झाले की नापास हे आयला माझ्या तोंडाकडे बघूनच समजून घ्यावं लागायचं. आता मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, कुठली गाडी कधी सुटणार, कुठे खाली होणार हे बघते. माझं लग्न झालं. नवरा कल्याणचा, आपल्यातलाच, इंजिनियर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं, अ‍ॅरिझोना म्हणून राज्य आहे तिथे. आता माझा व्हिसा झाला, तिकीट आलं. मी पोचले की तो रजा घेणार आणि मला गाडीतून वाळवंट दाखवणार. तिकडे नदीनं कापून काढलेल्या दऱ्या आहेत म्हणे, आणि मैलोन्‌मैल लाल खडक. फोनवर म्हणाला, "तू ट्रकवाल्याची पोरगी. रूट तू काढ."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. शेठना विचारून मी ड्युटी संपल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. नेट इतकं हळू चालायचं की चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. आधी नुसतं निळं आभाळ, बराच वेळ आभाळच. मग डोंगराचा माथा, मग लाल, त्याखाली गडद लाल, मध्येच एक पांढुरकी रेघ आणि पुन्हा लाल. ते चित्र पुरं उतरलं आणि मी खुर्चीत मागे सरकले. हा रंग माझ्या ओळखीचा होता. आपल्या घरात, सुकटीच्या बरणीवर, झाकण दाबून ठेवायला तुझा जो दगड आहे ना, त्याच्याही अंगावर तशीच पांढुरकी रेघ आहे.

तो दगड कसा आला ते तुला आठवतं का? मी दुसरीत असेन. तुझा ट्रक आळीच्या तोंडाशी उभा आहे, कोऱ्या कापडाच्या गाठी भरून, वर ताडपत्री आवळून. तू बालोतऱ्याला निघाला आहेस, राजस्थानात, आपल्याकडचं कापड जिथे रंगायला जातं तिथे. इंजिन सुरू झालं आणि मी दारातून ओरडले, "बाबा, कुठं चाललास? कवा येशील?" तू इंजिन बंद केलंस. खाली उतरलास. माझ्यासमोर उभा राहून म्हणालास, "निघताना कुठं म्हनून इचारतात काय? झाला ना खोलंबा!" मग घरात आलास, पाणी प्यालास आणि ओटीवर बसून राहिलास, जसा काही आत्ताच कुठून तरी परत आलास आणि आता नव्यानं निघणार. तुझा क्लीनर केबिनमधून ओरडला, "उस्ताद, आज यहीं ढाबा कर लें क्या?" सगळी आळी हसली. मी दाराआड बसून राहिले. आयनं मला जवळ घेऊन शिकवलं, की निघणाऱ्याला कुठं, कवा, असं काही विचारायचं नाही. फार तर म्हणायचं, दूर चाललास का. तो म्हणेल, हो, दूर. तेवढ्यावर थांबायचं.

त्या खेपेहून परत आलास तेव्हा सीटखालून तू तो दगड काढलास आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवलास. जड होता. म्हणालास, "ह्यो बग. हितं गेलतो. आता इचारायचं न्हाय. आल्यावर मी दाखवीन." डोंगर चार माड एकावर एक ठेवले तर होईल एवढा उंच आणि सगळा लाल, त्यातून हा तू स्वतःच्या हातानं उपटून काढलास, असंही सांगितलंस. पुढे सहावीत मी भूगोलाचं पुस्तक घेऊन तुझ्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, पुस्तकात तर असले डोंगर न्हायत." तू म्हणालास, "पुस्तकवाला गेलता काय तिकरं?" आणि जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. तू चिडलास ते मी तुला खोटं पाडलं म्हणून, की खरं असून मी विश्वास ठेवला नाही म्हणून, हे मला आजही कळत नाही.

मागच्या आठवड्यात तो दगड मी ऑफिसात नेला, चित्राशेजारी धरून बघायला. आमचे मुनीमजी जोधपूरकडचे. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाले, "बेटी, ये पहाड़ से नहीं टूटा. ये बाजू देख, छेनी लगी है. छत की पट्टी का टुकड़ा है, हमारे यहाँ हर नए मकान के बाहर पड़ा रहता है." मग माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "लेकिन पत्थर असली है." मी दगड रुमालात गुंडाळून घरी आणला. तुझा राग आला नाही. पण तू डोंगर बघितला होतास की नव्हतास? ट्रक खाली होईपर्यंत कुणाच्या तरी बांधकामापाशी बिडी ओढत उभा होतास आणि जाताजाता पायाशी पडलेला तुकडा उचललास, असंच असेल बहुतेक. मग ते चार माड कुठून आले?

तरीही रूट मी तुझ्याच पद्धतीनं काढला. तू म्हणायचास, जाताना बघून ठेवायचं आणि येताना थांबायचं. जाताना अंगावर माल असतो, मन थाऱ्यावर नसतं. कुठल्या ढाब्यावर जेवण बरं, कुठे पाणी गोड, हे नजरेत ठेवून पुढे जायचं, आणि परतताना निवांत तिथे उतरायचं. मी तसंच लिहिलं. पाण्याचे कॅन, स्टेपनी, पेट्रोल पंप कुठून कुठपर्यंत नाहीत, माणसांची वस्ती कुठे आहे. मग एकेक दिवस. कागदांची नक्कल नवऱ्याला पाठवली, आणि रविवारी सकाळी त्याचा फोन आला तो हसतच.

"अगं, पहिले चार दिवस आपण कुठे उतरतच नाही? ग्रँड कॅन्यनच्या काठावरून नुसतं पुढे जायचं?"

"येताना उतरू ना."

"येताना?"

"जाताना बघून ठेवायचं. येताना दोन दिवस तिथे."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "आपण त्या रस्त्यानं येणारच नाही गं. गाडी भाड्याची आहे, ती लॉस एंजेलिसला सोडून द्यायची. तिकडे मला नवीन प्रोजेक्ट मिळतंय. घरातलं सामान डिकीतच असेल."

मी "बरं" म्हटलं. बाबा, मी नुसतं "बरं" म्हटलं. किती दिवसांचं प्रोजेक्ट, मी किती दिवस राहायचं, हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. माझी जीभच तशी वळत नाही. कुठली खिंड किती उंच, कुठे किती ऊन, हे सगळं मी शोधून काढलं आणि परत कधी येणार एवढंच राहून गेलं. शेठकडे मी महिन्याची रजा मागितली आहे. अर्जात महिना असं माझ्या अक्षरात लिहिलं आहे. ते खोटं ठरलं तर? तिकीट काढून आणलं त्या दिवशी निजामपुऱ्यातला एजंट खुशीत म्हणाला होता, "मॅडम, वापसी ओपन रखी है, जब मन करे लौटो." तेव्हा ती मला सोय वाटली होती. आता वाटतं, तारीख न टाकलेली परतीची गाडी मी माझ्या टेबलावरून कधी सोडली असती का?

आणि आय. ती तर काहीच विचारत नाही. शेजारणींना सांगते, "पोर दूर चाललेय," बस. मी तिला चित्रं दाखवली तर म्हणाली, "लोक शिकून दुबईला जातात, चार पैशे आनतात. तू एवरी शिकून दगर बघाला चाललीस? आपल्याकरं क्वाऱ्यांत कमी हायत काय दगर?" मी हसले, तीही हसली. पण महिना की वर्ष की कायमचं, हे ती विचारत नाही ती रीत म्हणून, की तिला उत्तर ठाऊक आहे म्हणून, ते मला तिच्या तोंडावरून वाचता येत नाही. माझा निकाल ती तोंडावरून वाचायची. मला तेवढंही जमत नाही. मी गेल्यावर या घरात ती एकटी असेल. आळीतले लूम, कापडाचे माग, बंद पडले की रात्रीची जाग येणारी माणसं आपण, नुसत्या शांततेनं घाबरणारी. ती कशी राहील?

काल मी धीर केला. फोनवर नवऱ्याला सरळ विचारलं, "आपण परत कधी यायचं?" तो म्हणाला, "निघताना असं विचारतात का? तुझ्या आईनं शिकवलं नाही?" हसत म्हणाला, पण ते हसू त्याचं नेहमीचं नव्हतं. मग हळूच म्हणाला, "मलाही माहीत नाही गं. तू ये तरी." बाबा, एवढा शिकलेला माणूस, त्यानंही तीच रीत पांघरली. आणि मला त्याचा राग यायच्या आधी दया आली, कारण वाळवंटात तोही एकटाच जेवतो. मग मी तुझा विचार केला. तू त्या दिवशी इंजिन बंद करून उतरलास, ते अपशकुनाच्या भीतीनं, की तुलाही माहीत नव्हतं कधी येशील ते, आणि पोरीसमोर तसं म्हणवत नव्हतं म्हणून? ठाण्याच्या हॉस्पिटलात तुला नेलं त्या दिवशी रिक्षात बसताना तू "येतो" म्हणालास. आम्ही कुणीच काही विचारलं नाही. दूर चाललास का, एवढंही नाही.

हे लिहिता लिहिता मघाशी आय आत आली. तिनं बॅग उघडली, माझ्या साड्या बाजूला सारल्या आणि सुकटीच्या डब्याशेजारी रुमालात बांधलेलं काही तरी ठेवलं. मी उचलून बघितलं तर तुझा दगड.

"आय, ह्यो कशाला? वजन होईल."

"ने. तिथल्या दगराला लावून बग रंग मिलतो काय. तुजा बापूस खरा की तुजा मुनीम, एकदा कलू दे."

"आणि बरनीला?"

"बरनीवर तवर वरवंटा ठेवते."

तेवढं म्हणून ती भाकरी थापायला गेली. तवर. बाबा, मी तो शब्द धरून बसले आहे. कधीपर्यंत, ते तिनं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण वरवंट्याशिवाय तिचं वाटण अडणार, आणि ते किती दिवस अडवून ठेवायचं ते तिनं माझ्यावर सोपवलं. की ती फक्त वजनाची सोय सांगत होती? मी पुन्हा गोंधळले. आतून तिच्या हाताचा थापटण्याचा आवाज येतो आहे आणि बरणीवर आडवा ठेवलेला वरवंटा घसरेल की काय म्हणून मी मध्येमध्ये बघते आहे.

हे मी रूटच्या कागदांच्या पाठीवर लिहिलं आहे, ऑफिसचा कोरा कागद घ्यायला मन होईना. ते बरोबर न्यायचे कागद आहेत, तेव्हा पुढची बाजू मी दुसरीकडे उतरवून घेतली आणि हे इथेच ठेवून जाते. उतरवताना शेवटी एक ओळ वाढवली: त्याच रस्त्यानं परत, कॅन्यनपाशी दोन दिवस. त्यापुढे तारीख घातली नाही. त्याला ती ओळ दिसेल तेव्हा दिसेल.

आणि एक गोष्ट आयला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. मला आयची काळजी आहे, रजेची आहे, परतीची आहे, सगळं खरं आहे. पण मला जायचं आहे, बाबा. तो डोंगर चार माडांएवढा निघाला तर बघायचा आहे.