कूलर चढवलाच नव्हता

तुझा नियम काही कामाचा नाही. गल्लीतल्या तिघांनी हो म्हणावं, तवाच गोष्ट साईटवर टिकते. मयतीले सारी गल्ली येते, चहासुद्धा पिऊन जाते, अन् खरं बोलायले तिघं मिळून नाही राहिले. उद्या माझ्या गोष्टीची मुदत संपते अन् ते गळून पडते. मंग तुझ्याच साईटवर तुझ्याबद्दल एकच गोष्ट राहील, अन् ते खोटी आहे. आता सांग, असा नियम कायले केला होता?

रेणू,

आधी तक्रार लिहिली, मंग नाव. खुशाली विचारत नाही, मेलेल्या माणसाची काय खुशाली असते? मी चौथीपर्यंत शिकली, ते पण अर्धी. फोनवर एका बोटानं लिहून राहिली. चुका तुझी ताजबागची मैतरीण फरहाना पाहील. साईटची चाबी आता तिच्याजवळ आहे.

आठवते तुले, साईट काढली तवा माझं किती डोकं खाल्लं होतं? म्हणे, आजी, सक्करदऱ्याच्या लोकांच्या गोष्टी जमवायच्या. ज्याले वाटंल तो लिहील. खरी का खोटी ते मी नाही ठरवणार, गल्लीच ठरवंल. मी म्हणलं, ही गल्ली नळाचं पाणी कवा येते ते ठरवू शकत नाही. तू हसली, अन् माझ्याच फोनमध्ये ते साईट टाकून दिली. अक्षरं एवढी मोठी केली की एका वेळी चार शब्द दिसत.

मंग मले चटक लागली, ते खोटं काहून सांगू? तलावाजवळच्या म्हाताऱ्यानं लिहिलं होतं का त्याच्या बापानं बिबट्याले काठीनं हाकललं. मी 'नाही' दाबलं. नाही म्हणणाऱ्याले कारण लिहा लागते अन् खाली नाव टाका लागते, हा पण तुझाच नियम. मी लिहिलं, याचा बाप बुधवार बाजारात फुटाणे विकत होता, अन् कुत्रं दिसलं तं गाडी सोडून पळत होता. मी सोता पाहिलं. अनसूयाबाई. तो म्हातारा अजून माझ्याशी बोलत नाही.

काटोलची संत्र्याची गाडी वळणावर उलटली अन् साऱ्या गल्लीनं पदरात संत्री भरली, ते गोष्ट आली तं लोकांनी धडाधड हो दाबलं. चोरी सांगायले कोणी लाजलं नाही. तवा मले वाटलं, पोरीचं खरं आहे, लोकं बोलतात.

एकाच नियमावर आपण भांडलो. घरच्याचं मत धरायचं नाही. मी म्हणलं, घरच्याले नाही माहीत तं कोणाले माहीत राहील? तू ताटातली भाकर तशीच ठेवून बोलली होती.

"आजी, घरचे लोकं मायेनं खोटं बोलतात, अन् बाहेरचे भीतीनं. मायेचा बंदोबस्त केला मी. भीतीचं काय करायचं, ते मले अजून सुचलं नाही."

नाही सुचलं तं थांबायचं होतं ना. साईट उघडून बसली अन् भीतीचं माझ्या गळ्यात टाकून चालली गेली.

त्या दिवशी अवकाळी पाणी आलं होतं. भाऊच्या वाढदिवसाची कमान गल्लीच्या तोंडाशी उभी होती, लोखंडी, वरपासून खालपर्यंत लायटिंग. कोणता भाऊ, ते गल्लीले सांगा लागत नाही. लायटिंगले मीटर नव्हतं, खांबावरच्या तारेले आकडा टाकून करंट घेतला होता. तुझी स्कुटी पाण्यात बंद पडली, तू ढकलत आली. कमानीपाशी पाय घसरला असंल, तू हात टेकवला. कायले टेकवला वं? पडली असती, गुडघा फुटला असता, मी हळद लावून दिली असती.

आवाज झाला तशी मी दाराबाहेर आली. पाण्यात तू, अन् तुझ्या वर ते लाल-हिरवे लाईट लागून-विझून राहिले होते. शेजारची मालती माझ्या बाजूनंच धावत आली. तिनंच मले मागं ओढून धरलं, नाही तं मी पण त्याच पाण्यात जात होती. हे मी विसरली नाही. पुढचं लिहिते म्हणून हे पुसून टाकीन, असं नाही.

तुले मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं जे सांगायचं ते डॉक्टरनं सांगितलं. मी रडली नाही. बायांले वाटलं, बुढी दगड आहे. मी घरी आली तं गल्लीत कमान नाही, वायर नाही, खांबावर आकडा नाही. अन् आपल्या खिडकीत कूलर.

रेणू, यंदा आपण कूलर चढवलाच नव्हता. तो मागच्या अंगणात पालथा पडला होता, जुनं गवत काढलेला. मी तुले रोज टोकत होती, गवत भरून आण, ऊन तापून राहिलं. तू म्हणे, उद्या. साऱ्या गल्लीले माहीत होतं. मालतीच म्हणत होती, आजी, तुमच्या पोरीले साईटमधूनच थंडी हवा येते, तिले कूलर कायले पाहिजे?

अन् आता तो खिडकीत होता. नवीन गवत, खाली पाणी, वायर जोडलेली. जे काम तुझ्याच्यानं महिनाभर झालं नाही, ते तू मेल्यावर तासाभरात कोणीतरी करून देलं. इतकं नीट गवत तं मी पण भरलं नसतं.

पोलिसानं कूलर पाहिला, लिहून घेतलं, गेला. नागपुरात कूलरच्या करंटनं माणूस जाते, ते कोणाले नवीन आहे? तुझा बाप काटोलहून आला, ओसरीत बसून राहिला. म्हणे, माय, जाऊ दे, पोरगी परत येणार आहे का? मी त्याले जेवायले वाढलं. दुसरं काय करणार होती?

तेरवी झाली अन् साईटवर गोष्ट आली. 'आमची गुणी रेणू कूलरने हिरावली.' भाऊच्या माणसानं लिहिलेली, गोड, फुलाबिलाचं चित्र लावलेली. तिघांनी हो म्हणलं, 'आम्ही पाहिलं' म्हणून. दोघं भाऊच्या मंडळाची पोरं. तिसरं नाव मालतीचं.

मी तिच्या घरी गेली. ती तांदूळ निवडत होती. मी इकडची तिकडची बात केली नाही. विचारलं, मालती, कूलर कुठं पाहिला तू? ती सूप खाली ठेवत नव्हती, मान वर करत नव्हती. तांदळातले खडे काढत बोलली.

"आकडा माझ्या पोरानं टाकला, आजी. भाऊच्या माणसानं सांगितलं म्हणून टाकला. तुमची गेली. आता माझा पण नेता का?"

मी उठून आली. तिच्या घराच्या मागं ते कमान ठेवली आहे, ताडपत्री झाकून. जाता जाता पाहिली.

मंग मी माझी गोष्ट लिहिली. कूलर चढवला नव्हता, करंट कमानीत होता, एवढंच. पोराचं नाव नाही टाकलं. मालतीसाठी नाही टाकलं. साऱ्या गल्लीनं वाचली, मले माहीत आहे. नळावर बाया माझ्याकडे पाहून आपली बादली सरकवून मले जागा देतात. हो कोणी दाबलं नाही. 'नाही' पण कोणी दाबलं नाही, कारण लिहा लागते ना, खाली नाव टाका लागते. सारे चूप. तुझ्या नियमात चूप बसणाऱ्यासाठी काहीच लिहिलेलं नाही. एवढी शिकलेली पोरगी, अन् हे कसं राहून गेलं?

काल फरहाना आली. खूप रडली, मंग म्हणे, आजी, एक मिनिटाचं काम आहे, मी नियमच काढून टाकते. तुमचं मत धरते, ती कूलरवाली गोष्ट उडवून टाकते.

माझ्या तोंडात हो आलं होतं. खरं सांगते, आलं होतं.

मी नाही म्हणलं. तिले म्हणलं, आज माझ्यासाठी दार उघडशील तं उद्या भाऊ तुझ्या बापाच्या दुकानात येऊन बसंल, त्याच्यासाठी पण उघडा लागंल. मंग बिबट्या पण खरा अन् कूलर पण खरा. ती म्हणे, मग रेणूचं काय? मी तिले चहा देला.

तिच्या सवालाचं उत्तर आता सापडलं. जुनी गोष्ट उद्या गळू दे. हे पत्रच मी नवीन गोष्ट म्हणून टाकून राहिली. यात आकडा कोणाच्या पोरानं टाकला ते लिहिलं, अन् कोणाच्या सांगण्यावरून टाकला ते पण लिहिलं. गणपतीले ते कमान पुन्हा उभी होणार म्हणून आताच बोलून राहिली. खालून शाळेची लेकरं जातात. मालतीले काय मागून राहिली ते मले समजते. पण तिचं पोरगं जितं आहे, त्याले आपल्या तोंडानं सांगता येते. तुले नाही येत.

कबूल करते तुले, नियम मोडणार नाही, फरहानाले मोडू देणार नाही. हे पत्र गळून पडलं तं पुन्हा टाकीन. बोट चालते तोवर टाकीन. अन् कमान उभी झाली तं तिच्या बुडाशी खाट टाकून बसीन, मंग पाहू कोण आकडा टाकते.

तुझी आजी,
अनसूया

उत्तर मी तुले मागत नाही. उत्तर मालतीनं द्यायचं. मालती, हो म्हणायचं असंल तं दाब. नाही म्हणायचं असंल तं कारण लिही, अन् खाली आपलं नाव टाक. दुसऱ्या कोणी तिच्या आधी बोलायचं नाही.