अकरा जणींची मापं

७ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी शिलाई मशीन थांबव आणि मग वाच, कारण बातमी मोठी आहे. माझ्या खोलीत मुली येऊ लागल्या.

दोन महिने मी ‘समुपदेशक’ अशा पाटीखाली माश्या मारत बसले होते, हे तुला ठाऊकच आहे. खोली मुख्याध्यापकांच्या दाराला लागून. तिथे पाऊल टाकलं की हिचं काहीतरी बिनसलंय हे शाळाभर होणार, मग कोण कशाला येतंय? पण शाळेच्या बँडला नवे कोट आणि स्कर्ट शिवायचे ठरले. मी तुझं नाव पुढे केलं आणि मापं घ्यायचं काम आपणहून अंगावर घेतलं. तू म्हणायचीस, माप देताना माणूस आपोआप बोलतं, कारण समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अगदी तसंच झालं. अकरा जणी आल्या आणि अकराही जणी बोलल्या.

त्यांची म्होरकी पंधरा वर्षांची. मोठा ढोल वाजवते आणि ढोलापेक्षा मोठ्याने बोलते, म्हणून सगळ्या तिला तोफ म्हणतात. तिने सोमवारी केस उजवीकडे बांधले की गुरुवारपर्यंत बाकी दहा जणींचे उजवीकडे. कमरेचं माप तिचंच सगळ्यांत जास्त निघालं आणि त्यावर हसलीही तीच सगळ्यांत मोठ्याने.

तुझ्यासारखीच लाल पेन्सिलीने रेघा मारून वही केली आहे. ती टेबलावर उघडीच ठेवते, म्हणजे खोली दवाखान्यासारखी न वाटता तुझ्या दुकानासारखी वाटते. मापांचा कागद सोबत आहे.

अशीच माया ठेव आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
रिळू

१३ ऑगस्ट

चि. रिळूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि शेजारच्या इस्त्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरगी शिकली पुस्तकं आणि कामाला आली टेप. मी ऐट मिरवून घेतली.

निळं कापड आणलंय. कापायला घाई करत नाही. वाढत्या अंगाच्या मुली, तेव्हा महिन्याने पुन्हा एकदा टेप लाव आणि नवी मापं धाड. जेवणाची हेळसांड करू नकोस. आणि त्या तोफेला सांग, ढोल वाजवणारीच्या कोटाला काखेत सैल ठेवावं लागतं, ते मी बघते.

लोभ आहेच, तो वाढवायचं तुझ्या हाती.

मावशी

९ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला आता खोली लहान पडते, मावशी. तू म्हणालीस म्हणून पुन्हा टेप काढली, तर मुलींना छंदच जडला. एक दिवसाआड मधल्या सुट्टीची घंटा झाली की दाराशी रांग. ताई, माझं माप परत घ्या ना, असा धोशा. येतात, वहीत डोकावतात, एकमेकींना चिडवतात, आणि सुट्टी संपेपर्यंत हलत नाहीत. तोफ सगळ्यांत आधी हजर असते. मुख्याध्यापकांनी परवा दारातून गर्दी पाहिली आणि इतर शाळांनाही ही पद्धत कळवायला हवी म्हणाले. मी दिवसभर हवेत होते.

फक्त कर्णा वाजवणारी एक बारकी पोर आहे, तिचा श्वास हल्ली पुरत नाही म्हणून बँडचे मास्तर कुरकुरतात. स्पर्धा महिन्यावर आली आहे. सराव वाढवायला हवा, दुसरं काय.

नवी मापं सोबत. लवकर कात्री लाव.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
रिळू

१२ सप्टेंबर

चि. रिळूस,
अ. उ. आ.

मापं वाचली आणि कात्री खाली ठेवली.

चाळीस वर्षं मी वाढत्या मुलींचे कपडे शिवतेय. या वयात उंची वाढते, खांदा वाढतो, कमरही बोटभर वाढते. अकराच्या अकरा जणींची कमर महिन्याभरात उतरलेली मी आजवर पाहिली नाही. तोफेची दोन इंच आणि बाकीच्या तिच्या मागोमाग. अगं, त्या तुझ्याकडे येत नाहीत, टेपकडे येतात. मधली सुट्टी तुझ्या खोलीत जाते, तर डबा खातात कधी? त्या कर्णेवालीला सराव नको, जेवण हवंय.

वही उघडी ठेवतेस हे मी पहिल्या पत्रातच वाचलं होतं आणि कौतुकाच्या भरात सोडून दिलं. माझ्या दुकानात वही खणात असते आणि माप मी मोठ्याने उच्चारत नाही. तुला मापं घ्यायला शिकवलं, हे सांगायचं राहिलं. पुन्हा टेप लाव म्हणणारीही मीच, तेव्हा निम्मा दोष माझ्या पदरात टाक.

तुझं एक गुपित मला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी माप देताना तू पोट आत ओढून धरायचीस. मी टाचणी शोधायचं निमित्त काढून खणात उगाच खुडबूड करायची. श्वास किती वेळ धरशील? तू सोडलास की मी टेप लावायची. तेव्हा मला गंमत वाटायची. आज वाटतं, दोऱ्याच्या रिळासारखी गोल म्हणून तुला रिळू हे नाव मीच ठेवलं होतं. लागलं होतं का गं तुला?

टेप कुलपात टाक आणि डॉक्टरांना गाठ.

काळजीत असलेली,
मावशी

२१ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी कर्णेवाली सरावात डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली होती, आणि मी ते उन्हावर ढकललं होतं. पत्र वाचून रडले. मग तोंड धुतलं आणि कामाला लागले. वही बंद केली. शाळेच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं, वजनकाट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं केलं. कर्णेवालीला धोका नाही. तोफेची त्यांना जास्त काळजी वाटते. तिच्या आईला दोनदा भेटले.

मुलींची मी माफी मागितली. मग प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली, नाव न घालता दोन उत्तरं लिहायला सांगितली: मधल्या सुट्टीत तुला भूक लागते का, आणि कुणाला लागत नसेल असं तुला वाटतं? सगळ्यांच्या परवानगीने मी एकेक वाचू लागले. दहाही चिठ्ठ्यांत एकच मजकूर. मला खूप लागते. तोफेला लागत नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

अकरावी उघडली आणि घडी करून खिशात ठेवली, कारण ती कुणाची हे लगेच कळलं असतं. तेवढं आता शिकले आहे. तर तोफ उठली, चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतः वाचली. तिने लिहिलं होतं की मला सगळ्यांत जास्त भूक लागते, पण वहीत माझा आकडा सगळ्यांत मोठा होता आणि तो सगळ्यांनी पाहिला. आता सगळ्या माझ्याकडे बघून उपाशी राहतात, मग मी आधी कशी खाऊ? तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. कर्णेवालीने दप्तरातून डबा काढला आणि मध्ये ठेवला. दहा जणी जेवल्या. तोफेने दोन घास खाल्ले आणि हात धुतले. डॉक्टर म्हणतात, तिला वेळ लागेल.

तू विचारलंस म्हणून सांगते. लागलं होतं, दोन वर्षं. तू विचारलंस आणि आता लागत नाही.

तुझ्या पत्रांच्या आधारावर उभी असलेली,
रिळू

२ ऑक्टोबर

चि. रिळूस,
अ. उ. आ.

अकरा पोशाख पाठवले आहेत. कापड पहिल्या मापांवरच कापलं. कमरेच्या शिवणीत आतून आणखी कापड सोडलंय, कधीही उसवून सैल करता येईल. कुठेही आकडा लिहिलेला नाही. तोफेच्या स्कर्टाला आजच्या घडीला पट्टा लागेल. लागू दे. तिला घाई करू नका.

मुलींना माझा आशीर्वाद आणि तुला त्याहून जास्त.

मावशी

१८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

स्पर्धेत दुसरा नंबर आला, ते तारेने कळवलंच होतं. आजची बातमी त्याहून मोठी आहे, म्हणून पळत येऊन लिहायला बसले.

आज मधल्या सुट्टीत खोली भरलेली होती. टेप नाही, वही नाही, तरी येतात. तोफ स्कर्ट घालूनच आली आणि सगळ्यांसमोर, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली की कमरेत घट्ट होतोय, मावशींनी आत कापड सोडलंय ना, ते उसवून द्या. कुणी हसलं नाही.

मी कुलूप उघडून टेप काढली. तुझी युक्ती आठवली म्हणून टाचणी शोधायचं निमित्त काढलं, खण उघडला, बराच वेळ खुडबूड केली. मग हळूच वर बघितलं. तिने श्वास धरलाच नव्हता, मावशी. ती कर्णेवालीच्या डब्यातलं खात उभी होती, आणि टाचणी सापडली का, असं मला भरल्या तोंडाने विचारत होती.

उसवायचं कसं ते लगेच कळव, नाहीतर सरळ निघून ये.

तुझीच, आणि हे नाव आता बदलू नकोस,
रिळू