बाबांच्या फेऱ्या

डोंबिवली, रविवार संध्याकाळ

हॉलमधल्या स्लॉट कारच्या, म्हणजे खाचेतून पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या ट्रॅकवर आज इन्फ्रारेड सेन्सर बसवले. गाडीने किरण अडवला की फेरीची वेळ स्क्रीनवर येते. माझ्या वेळा ठीक येत होत्या, बाबांच्या मात्र एक फेरी झटकन, पुढची भलतीच लांब. वाटलं, खिडकीतलं ऊन सेन्सरवर पडत असेल. पडदा ओढला, मग लेन बदलल्या, गाड्याही. तरी तेच.

तेव्हा कुठे स्क्रीन सोडून बाबांकडे पाहिलं. गाडीचा वेग कमी-जास्त करायच्या कंट्रोलरवरचा त्यांचा अंगठा थरथरत होता. फक्त अंगठा. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. मला तो अंगठा दिसला कसा नाही?

म्हटलं, "बाबा, सेन्सरच गंडलाय. पुन्हा सोल्डर करतो."

"नको रे, चांगला बनवलायस," बाबा म्हणाले. "दिवाळीपासून होतंय हे. तुझ्या आईला सांगायला धीर होत नाही."

आई किचनमध्ये कणीक मळत होती. बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला. "तू पण चल माझ्याबरोबर," म्हणाले.

गेलो. आईला सगळं सांगितलं त्यांनी, नीट, शांतपणे. पण बोलून होईपर्यंत तो हात खिशातच ठेवलेला.