दप्तर उघडण्यावरून

१२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बिट्टी तुझ्याकडे सुखरूप पोचली असेलच. मला न सांगता गेली, म्हणून हे पत्र. लेकीची बाजू तू ऐकली असशील; आता मुख्याध्यापिकेची ऐक.

वर्गांत मोबाइल सापडायला लागले, तेव्हापासून सकाळी फाटकापाशी दप्तरं तपासायची असा मी नियम केला. परवा एका मुलीच्या दप्तरातून सगळ्यांसमोर पॅडचं पाकीट पडलं आणि मुलगे फिदीफिदी हसले. वाईट झालं, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी बिट्टीनं दप्तर छातीशी घट्ट धरलं आणि उघडायला साफ नकार दिला. वर सूचनाफलकावर लिहिलं, की आमच्या दप्तरात काय आहे ते चारचौघांत दाखवायला आम्ही बांधील नाही. माझी सख्खी भाची! तिला मोकळी सोडली असती तर शिक्षकखोलीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. परीक्षा संपेपर्यंत शाळेत यायचं नाही, असं मी तिला जागच्या जागी सुनावलं.

पाच वर्षं ती माझ्याकडे वाढली. माझ्यावर रुसली तरी माझ्याच पलंगावर येऊन रुसायची. आणि या वेळी सरळ बस पकडून तुझ्याकडे! हे मला नियम मोडण्यापेक्षा जास्त लागलं. तिला समजावून परत पाठव.

आमच्यावर पूर्वीइतकी माया ठेव, एवढंच मागणं.
तुझी ताई


१८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिट्टी थेट दुकानात आली. मी मशीनवर कॉलर शिवत होते. खांद्यावरचं दप्तर न उतरवताच तिनं विचारलं, की शिक्षण मंडळाकडे तक्रार करायची आहे, मी अजून अल्पवयीन आहे, पालकाची सही लागते, करशील का? हातातली कात्री खाली न ठेवताच मी सही केली.

खरं सांगू? मला आनंद झाला. आमच्याकडे पुढची शाळा नाही म्हणून तिला तुझ्याकडे ठेवली, तेव्हापासून मी तिची सुट्टीपुरती आई आहे. सायकल तू शिकवलीस. पहिली पाळी आली तेव्हा ती तुझ्या कुशीत रडली, आणि मला तुझ्या फोनवरून कळलं. त्या दिवशी तुझा आवाज किती गोड झाला होता! मी मशीनचं पायडल दामटत सुटले होते. आता पहिल्यांदा तिला माझ्याशिवाय चालणार नव्हतं, आणि ते भांडण तुझ्याशी होतं. हा आनंद चांगला नव्हे, हे मला कळतं. पण झाला.

शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, की मुलीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तिला असं घरी बसवता येत नाही. तेव्हा आता भेट सुनावणीलाच.

राग आला तरी जीव लावणं सोडू नकोस.
तुझी धाकटी


३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सुनावणीच्या खोलीत तू समोरच होतीस, तरी तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

आमच्या कारकुनानं आदल्या दिवशी सुचवलं होतं, की बिट्टीला आधी नोटीस दिली होती असं सरळ सांगा, मागची तारीख घालून कागद मी तयार करतो. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आत आले तर बिट्टी तुझ्या खांद्याला टेकून बसलेली. तू तिच्या कानामागचे केस सारखे करत होतीस. ते माझं काम होतं गं! त्या क्षणी माझ्या मनात आलं, की म्हणावं दिली होती नोटीस, आणि या दोघींना हरवावं.

मग अध्यक्षांनी विचारलं, मुलीचं म्हणणं ऐकलं होतं का. बिट्टी माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलणार नाही याची तिला इतकी खात्री होती, की मला मान वर करून नाही म्हणावं लागलं. भाची म्हणून जरा जास्तच कडक वागले, हेही सांगितलं.

निकाल तुला ठाऊक आहेच. बिट्टीला परीक्षेला बसू दिलं. दप्तर तपासायचं तर कारण हवं, आणि मुलींचं शिक्षिकेनं आडोशाला तपासायचं. माझ्या नोकरीच्या नोंदीत ठपक्याचा शेरा आला. तो मी सोसेन. पण निकालानंतर ती तुझ्या गळ्यात पडली, ते मला अजून सोसत नाही.

दुरावा धरू नकोस.
तुझी ताई


२७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिट्टीनं तुझ्याकडे परत न येता शाळेच्या वसतिगृहात राहायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं मी जिंकले. कसलं काय! तिच्या पत्रात सगळ्या रेक्टरबाईच. रेक्टरबाई किती हसवतात, रेक्टरबाई वेणी किती छान घालतात. शाळेत तुझ्याशी बोलते तरी का? कोण या टिकोजीराव बाई, आणि आपल्या पोरीच्या वेणीला त्यांनी हात का लावावा?

मला राहवेना. काल दुकान बंद करून वसतिगृहावर गेले. बिट्टीनं दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकायच्या आत तिनं विचारलं, की शाळेत मावशीसमोर जायचा मला धीर होत नाही, तिला तो शेरा फार लागला का, ती नीट जेवते ना. मी पिशवी धरून उभीच. पाणी विचारायचं तिला मागाहून सुचलं.

झोंबलं मला, ताई. परत येताना बसमध्ये ठरवलं होतं, हे तुला मुळीच कळवायचं नाही, माझ्यापाशीच दाबून ठेवायचं. पण ते माझं नाहीच. तिनं तुझ्यासाठी विचारलं होतं, म्हणून तुझं तुला पोचवते आहे. तिला काय ते उत्तर तू स्वतः जाऊन दे.

मी जळले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.
तुझी धाकटी